टाइमपास म्हणून हिणवलेली पुस्तकं: रहस्य, भय, प्रेम आणि अद्भुत कादंबऱ्या वाचायला सुरुवात कशी करायची

नवीन वाचायला लागलेल्या माणसाला आपल्याकडे आधी काय दिलं जातं तर एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, एक आत्मचरित्र आणि वर "हे नाही वाचलं तर काय वाचलं" असा दम. मग तो चाळीसाव्या पानावर अडकतो आणि आपल्याला वाचन जमतच नाही असं धरून बसतो. मी म्हणते रहस्यकथेने सुरुवात करा, भुताच्या गोष्टीने करा, प्रेमाच्या किंवा अद्भुत कादंबरीने करा, त्यात कमीपणा कसला? उलट या चार प्रकारांत वाचकाची नजर लवकर तयार होते, कारण इथे पुस्तक पहिल्या दहा पानांतच तुम्हाला शब्द देतं. रहस्यकथा म्हणते कोडं सुटेल आणि मी लबाडी करणार नाही. भयकथा म्हणते झोप उडवीन. प्रेमकथा म्हणते या दोघांचं पुढे काय होतं याची तुला घरच्या माणसासारखी काळजी लागेल. आणि फॅन्टसी, म्हणजे अद्भुत कादंबरी, म्हणते मी वेगळं जग उभं करीन आणि ते मध्येच ढासळणार नाही. पुस्तक बरं की वाईट हे ठरवताना त्याने दिलेला शब्द पाळला का एवढंच आधी बघायचं, भाषा, विचार, सामाजिक आशय वगैरे सगळं त्यानंतर. भुताच्या गोष्टीत समाजप्रबोधन नाही म्हणून नाक मुरडणारे आणि प्रेमकथेचा शेवट गोड आहे म्हणून तिला उथळ म्हणणारे लोक मला खरंच पटत नाहीत, त्या पुस्तकाने ते देईन असं कधी म्हटलंच नव्हतं.

पायरी १: आधी कथा, मग कादंबरी

एकदम साडेतीनशे पानं हातात घेऊ नका. भय आणि रहस्य या दोन प्रकारांत आपल्याकडे कथांचा एवढा साठा आहे की पहिले दोनतीन महिने फक्त कथाच वाचल्या तरी चालतील. एका कथेला वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो, लोकलच्या एका फेरीत किंवा रात्री आवराआवर झाल्यावर होऊन जाते, आणि आवडली नाही तर नुकसान काही नाही, पुढची घ्या. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या 'नवल' मासिकाचे जुने अंक आणि 'धनंजय'चे दिवाळी अंक हे या कामासाठी उत्तम, कारण एकाच अंकात दहाबारा वेगवेगळ्या हातांचं लिखाण मिळतं आणि कोणाची शैली आपल्याला पचते ते लगेच कळतं. ज्याची कथा आवडली त्याचं नाव लिहून ठेवा, मग वाचनालयात जाऊन त्याच नावाने पुस्तक मागा. यादी अशीच तयार होते, दुसऱ्याने दिलेल्या यादीवर चालू नका, माझ्यासुद्धा.

पायरी २: भयकथा

या चारांत मराठीचा सगळ्यात सकस प्रकार कोणता म्हणाल तर भयकथा, यावर माझं मत ठाम आहे. त्याचं कारण आपल्या घराघरांतच आहे. आपल्याकडे भुतांची केवढी मोठी बिरादरी आहे आणि प्रत्येकाचे कायदे ठरलेले: मुंजा म्हटला की पिंपळ आला, गिऱ्हा पाण्यात, चकवा माणसाला रात्रभर त्याच त्या वाटेवर फिरवणार, हडळ, खवीस, समंध यांची कामं वेगळी, कोकणातला देवचार तर राखणदार, त्याला मान दिला तर तो तुमच्याच बाजूचा. लेखकाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही, वाचक हे सगळं आजीकडून ऐकूनच आलेला असतो, त्यामुळे नुसतं "विहिरीकडे तिन्हीसांजेला जाऊ नको" एवढं वाक्य आलं तरी अंगावर काटा येतो.

सुरुवात नारायण धारपांपासून करा. १९२५ ते २००८ हा त्यांचा काळ, शिक्षण केमिकल टेक्नॉलॉजीचं, आणि मला तरी ते शिक्षण त्यांच्या लिखाणात दिसतं, कारण ते आरडाओरडा करत नाहीत. प्रयोगाची नोंद करावी तशी एकेक गोष्ट सांगत जातात, घर कसं होतं, खोल्या किती, कोण कुठे झोपायचं, आणि मग त्या नीटनेटक्या नोंदीत एक गोष्ट अशी येते की जी तिथे असायला नको. २०१८ चा 'तुंबाड' बघून बरेच जण धारपांकडे वळले, त्या सिनेमामागे त्यांच्या कथेची प्रेरणा आहे. पण सिनेमासारखं सगळं दिसेल या आशेने वाचायला बसू नका, धारप दाखवण्यापेक्षा कळवतात जास्त. आधी त्यांचे कथासंग्रह, मग त्यांच्या 'समर्थ' या पात्राच्या कथा (यात वाईट शक्तीला टक्कर देणारा एक भला माणूस आहे, त्यामुळे घाबरट वाचकाला आधार मिळतो), आणि मग 'लुचाई'. 'लुचाई' स्टीफन किंगच्या एका कादंबरीवर बेतलेली आहे, पण मूळ वाचलं नसेल तर आधी हीच वाचा.

दुसरे रत्नाकर मतकरी. त्यांच्या गूढकथांत भूत असेलच असं नाही. शहरातला फ्लॅट, नोकरी करणारी माणसं, आणि त्यातल्या एकाच्या डोक्यात काहीतरी सुटत चाललंय. धारप रात्री वाचून भीती वाटते, मतकरी दुपारी वाचले तरी वाटते. त्यांच्या कथेचा शेवट फार महत्त्वाचा असतो म्हणून पुस्तक उघडताना मागून पानं चाळायची सवय असेल तर ती आधी सोडा. आताच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते, 'अंधारवारी'पासून सुरुवात करा आणि हात बसल्यावर 'दंशकाल'. हे मात्र मोठ्यांसाठीच लिखाण आहे, शाळेतल्या मुलाच्या हातात देऊ नका.

आता चांगली भयकथा ओळखायची कशी? एक उदाहरण मीच रचून सांगते. समजा एका वाड्यात तीन माणसं राहतात आणि आजी रोज रात्री चार पानं वाढते. कोणी विचारत नाही, सुनेला लग्न होऊन आल्यापासून सवय झाली आहे, म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी खूळ म्हणून तीही चौथ्या पानावर थोडा भात, थोडी आमटी वाढते आणि जेवणं झाल्यावर ते गाईला नेऊन घालते. इथपर्यंत गोष्ट दोन्ही लेखकांची सारखी. आता कच्चा लेखक काय लिहील, तर "अचानक दिवे विझले आणि त्या पाटावर एक भयानक, अक्राळविक्राळ, रक्तबंबाळ आकृती दिसली, सुनेच्या तोंडून किंकाळी फुटली!!" आणि कसलेला लेखक एवढंच लिहील: "त्या दिवशी चौथं ताट उचलायला ती वाकली, तर ते उष्टं होतं." बस. आकृती नाही, किंकाळी नाही. पण वाचणारा तिथेच थांबतो, भात कोणी कालवला, कुठल्या बाजूने खाल्ला, बोटं कशी असतील, हे सगळं तो स्वतःच बघायला लागतो आणि ते लेखकाने सांगितलेल्या कुठल्याही राक्षसापेक्षा वाईट असतं. तुम्ही वाचत असलेल्या पुस्तकात "भयानक", "भीषण", "थरकाप" हे शब्द पानोपानी येत असतील तर समजा लेखकाकडे उष्टं ताट नाहीये. रक्त, आतडी, तुटलेले हात यांची किळस येते, भीती ती नव्हे, आणि किळस पुस्तक मिटलं की संपते.

वाचायचं कसं, तर एका बैठकीत. भयकथा तुकड्यातुकड्याने वाचली की तापलेला तवा दर वेळी गार होतो. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि खरंच घाबरत असाल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, झोपायच्या आधी अर्धा तास दुसरं काहीतरी हलकं वाचा. ज्यांच्या घरात नुकतं कोणी गेलंय त्यांनी हा प्रकार थोडे महिने बाजूला ठेवावा असं मी मनापासून सांगेन.

पायरी ३: रहस्यकथा, पेन्सिल घेऊन

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच कपाटात ठेवलेल्या असतात आणि नवीन वाचकाचा तिथेच गोंधळ होतो. एक म्हणजे कोडं, कोणी मारलं आणि कसं मारलं. दुसरी म्हणजे पाठलाग, मारामारी, वेषांतर, सुटका. आपले बाबूराव अर्नाळकर प्रामुख्याने दुसऱ्या घरातले. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्यांनी, झुंझार, काळापहाड, धनंजय-छोटू ही त्यांची पात्रं, आणि मागच्या पिढ्यांतल्या कितीतरी लोकांना वाचनाची गोडी लागली ती त्यांच्या लहानशा पुस्तकांनी. ती वाचायची ती वेगासाठी. त्यात बारीक पुरावे शोधत बसलात तर हिरमोड होईल, आणि तो दोष पुस्तकाचा नाही, त्याने वेगाचाच शब्द दिला होता आणि तो शंभर टक्के पाळला. गुरुनाथ नाईकांचंही तसंच, गोलंदाज, गरुड, शिलेदार अशा मालिका, हजाराच्या पुढे पुस्तकं. सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन हे थोडे अलीकडचे, संवाद जास्त चटपटीत, कॉलेजच्या वयात पटकन आवडतात.

कोड्याच्या घरात शिरायचं असेल तर शेरलॉक होम्सच्या लघुकथांनी सुरुवात करा, भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स वाचनालयांत सापडतो. होम्स पहिल्यांदा १८८७ साली छापला गेला, त्यातल्या कथा अजूनही वाचवतात कारण तिथे प्रत्येक निष्कर्षामागे काहीतरी डोळ्याला दिसणारं असतं, बुटाला लागलेली माती, बाहीवरची चकाकी. घरात दहाबारा वर्षांचं मूल असेल तर सत्यजित राय यांचा फेलूदा, अशोक जैन यांचे मराठी अनुवाद आहेत, आणि ते मोठ्यांनीही बिनधास्त वाचावेत. त्यानंतर अगाथा ख्रिस्ती. तिची १९२६ सालची रॉजर अ‍ॅक्रॉइडची कादंबरी वाचायच्या आधी तिच्याबद्दल कोणाला काही विचारू नका, नेटवर शोधू नका, वाचलेल्या माणसाला तोंड उघडू देऊ नका. त्या शेवटावरून वाचकांत वाद झाला होता की ही लबाडी आहे की कमाल, आणि तो वाद तुम्हाला स्वतः घालता आला पाहिजे. (मी कमाल म्हणणाऱ्यांत आहे, सगळं समोर ठेवलेलं असतं तिने.)

लबाडी कशाला म्हणायचं याचे नियमसुद्धा आहेत. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये दहा नियम काढले. गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच आलेला असला पाहिजे, भुताखेतांची मदत चालणार नाही, गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, डिटेक्टिव्हला सापडलेला पुरावा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे, वगैरे. हे कोणी सक्तीने पाळत नाही पण नवीन वाचकाला फूटपट्टी म्हणून फार उपयोगी. शेवटच्या प्रकरणात अचानक मृताचा जुळा भाऊ परदेशातून उगवला की समजा लेखकाने शब्द मोडला.

आता पेन्सिलचं. पुरावा लपवायची सगळ्यात जुनी आणि अजूनही चालणारी जागा म्हणजे यादी. हे बघा: "टेबलावर पाण्याचा तांब्या होता, चष्मा त्याच्या डबीत घालून ठेवलेला होता, निम्मं सोडवलेलं शब्दकोडं होतं आणि शेजारी झोपेच्या गोळ्यांची उघडी बाटली." वाचताना सगळ्यांचा डोळा बाटलीवर जातो, ती शेवटी ठेवलीये ना मुद्दाम. मग घरातला माणूस पोलिसांना सांगतो की काका रात्री उशिरापर्यंत कोडं सोडवत बसले होते, मी स्वतः बघितलं. आणि पन्नास पानांनी कोणीतरी सहज बोलून जातं की काकांना चष्म्याशिवाय पेपराचा मथळापण दिसायचा नाही. झालं. कोडं काकांनी सोडवलेलं नाही, आणि "मी बघितलं" म्हणणारा खोटं बोलतोय. पुस्तकात अशी तीनचार वस्तूंची यादी आली की बारीक पेन्सिलीने कडेला टिंब करा (स्वतःचं पुस्तक असेल तर, वाचनालयाचं असेल तर बुकमार्कच्या कागदावर पान नंबर लिहा). साधारण दोन तृतीयांश पुस्तक झालं की थांबा, पुस्तक मिटा, आणि कागदावर लिहा: कोणी, का, आणि मला हे कुठल्या पानावरून वाटतंय. मग पुढे वाचा. चुकलात तरी मजा आहे कारण परत मागे जाऊन बघता येतं की आपल्याला कुठे चकवलं. हे चारपाच पुस्तकांसाठी केलं की वाचनाचा वेगच बदलतो, साध्या कादंबरीतसुद्धा लेखक काय लपवतोय ते दिसायला लागतं.

एक अगदी प्रॅक्टिकल गोष्ट. जुन्या वाचनालयातली रहस्यकथा घरी आणण्याआधी शेवटची पानं शाबूत आहेत का ते बघाच, फार वेळा तीच गळालेली असतात. पण बघताना शेवट वाचला जाऊ नये म्हणून पुस्तक उलटं धरा, अक्षरं उलटी दिसली की डोळा वाचत नाही, फक्त पान नंबर सलग आहेत का आणि शेवटी 'समाप्त' आहे का तेवढं तपासा. आणि पहिली दोनतीन पानंही बघून घ्या, खुन्याचं नाव पात्राच्या पहिल्या उल्लेखावर पेनने गोल करून ठेवणारे महाभाग प्रत्येक वाचनालयात असतात.

पायरी ४: प्रेमाच्या कादंबऱ्या

सगळ्यात जास्त अन्याय याच प्रकारावर झालाय. बायका दुपारी वाचतात म्हणून हलकं, असं एक समीकरण वर्षानुवर्षं चालत आलं. पण विचार करा, इथे खून नाही, भूत नाही, जादू नाही, शेवट काय होणार तेही बहुतेक वेळा माहीत असतं, आणि तरी तीनशे पानं वाचकाला धरून ठेवायचं, हे काम रहस्यकथेपेक्षा अवघड आहे.

ना. सी. फडके इथले मोठे. 'दौलत' १९२९ ची, आणि लेखनाच्या तंत्रावर 'प्रतिभासाधन' नावाचं आख्खं पुस्तक त्यांनी लिहिलं. आज वाचताना त्यातली श्रीमंती, टेनिस, मोटारी, ती टापटीप माणसं थोडी लांबची वाटतात आणि नायिकांबद्दलचे काही विचार खटकतातही, खटकू द्यात. पण प्रकरण कुठे सुरू करायचं आणि कुठे तोडायचं हे फडक्यांइतकं नीट फार थोड्यांना जमलंय. एकच कादंबरी वाचा, पण प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा.

चंद्रकांत काकोडकरांचं नाव नवीन वाचकांना माहीत नसतं, ते माहीत पाहिजे. त्यांच्या 'नीलांबरी'वरून हिंदीतला 'दो रास्ते' निघाला. आणि त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, काकोडकर हायकोर्टात दोषी ठरले, तिथून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६९ मध्ये कोर्टाने ती कथा अश्लील नाही असा निकाल दिला. प्रेमाबद्दल मराठीत मोकळेपणी लिहायला काय किंमत मोजावी लागत होती ते यावरून कळतं, आणि मग जुन्या कादंबऱ्यांत पात्रं एवढी आडून आडून का बोलतात तेही कळतं.

तरुण वाचकाला मी शिरवळकरांची 'दुनियादारी' देते. २०१३ च्या सिनेमामुळे ती सगळ्यांना माहीत झाली, पण पुस्तक १९८२ चं आहे आणि सिनेमापेक्षा पुष्कळ जास्त कडू आहे. ती निव्वळ प्रेमकथा नाही, पुण्यातला कट्टा, दोस्ती, घरातली घुसमट सगळं आहे, म्हणूनच ज्यांना "रोमान्स नको" असतो त्यांनाही चालते. आणि अनुवादात किंवा जमलं तर इंग्रजीत जेन ऑस्टिन, १८१३ चं 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. लग्नाच्या बाजारात मुलीची किंमत कशी लावली जाते हे वाचताना मराठी घरातल्या माणसाला एकही गोष्ट परकी वाटत नाही, स्थळ, हुंडा, आईची घाई, सगळं ओळखीचं.

प्रेमकादंबरी तपासायचा माझा एक प्रश्न आहे: या दोघांना वेगळं कोण ठेवतंय? उत्तर जर "गैरसमज" असेल आणि तो एका फोनने मिटण्यासारखा असेल तर ते पुस्तक ठेवून द्या, लेखक पानं भरतोय. उत्तर जर जात, पैसा, आईचं आजारपण, आधीचं लग्न, किंवा दोघांपैकी एकाचा स्वभावच असं काही असेल तर वाचा, कारण तिथे सोडवायला खरंच काहीतरी आहे. दुसरी गोष्ट मी अजिबात सोडून देत नाही. नायक तिचा पाठलाग करतोय, हात धरून ओढतोय, ती नाही म्हणतीये आणि लेखक हे प्रेम म्हणून रंगवतोय, असं दिसलं की पुस्तक बंद. मोबाईलवर 'प्रतिलिपी'सारख्या अ‍ॅपवर हा माल खूप येतो, खडूस श्रीमंत बॉस आणि जबरदस्तीचं लग्न. तिथेच चांगलं लिहिणाऱ्या मुलीसुद्धा आहेत, लहान गावातून, स्वतःच्या बोलीत, अगदी खरं लिहितात, त्यांना शोधून काढा आणि दोन ओळींचा अभिप्राय जरूर द्या. फक्त मालिका सुरू करण्याआधी ती पूर्ण झालेली आहे का ते बघून घ्या, नाहीतर शंभराव्या भागात लटकून राहाल.

पायरी ५: फॅन्टसी, आणि थोडी तक्रार

गंमत अशी की मराठी कादंबरीची सुरुवातच जवळजवळ अद्भुतापासून आहे. 'मुक्तामाला' १८६१, 'मंजुघोषा' १८६८, दोन्ही अद्भुतरम्य. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या त्याही त्याच काळात. मग नाथमाधवांचं 'वीरधवल', गो. ना. दातारांच्या भुयारं, गुहा, गुप्त दरवाजे असलेल्या कादंबऱ्या, आपल्या पणज्या-पणजोबांनी हे मिटक्या मारत वाचलंय. त्यानंतर मात्र ही वाट रोडावत गेली आणि मोठ्यांसाठीची नवीन, मूळ मराठी फॅन्टसी आज शोधावी लागते. मला याचं वाईट वाटतं. सह्याद्रीएवढे किल्ले, लेणी, वेताळ, ग्रामदैवतं घरात असताना आपण ड्रॅगनची वाट बघतोय.

नवीन वाचकाने सुरुवात अनुवादांनी केली तर मी चूक म्हणणार नाही. हॅरी पॉटर मराठीत आहे, टोल्किनचा 'स्वामी मुद्रिकांचा' आहे. टोल्किन पहिल्या शंभर पानांत हळू चालतो, घाई करू नका, नकाशा असेल तर त्यावर बोट ठेवून वाचा. पुराणकथा नव्याने सांगणारी पुस्तकंही बरेच जण फॅन्टसी म्हणून घेतात, पण प्रत्येक वेळी ते खरं नसतं. खांडेकरांच्या 'ययाति'त शाप आहे, उसनं घेतलेलं तारुण्य आहे, तरी ती माणसाच्या हावरेपणाची कादंबरी आहे, जादूच्या जगाची अपेक्षा ठेवून तिच्याकडे जाल तर तिच्यावर अन्याय कराल.

परीक्षा काय लावायची, तर जादू फुकट मिळतीये का ते बघा. मंत्र म्हटला की संकट टळलं, पुन्हा मंत्र, पुन्हा टळलं, तर भीती कशाची आणि काळजी कोणाची? चांगल्या फॅन्टसीत प्रत्येक शक्तीची किंमत असते, कोणाचं वय जातं, कोणाची आठवण, आणि नियम पहिल्या भागात सांगितला तो तिसऱ्या भागात लेखकाला अडचणीचा झाला तरी तसाच राहतो. जुनी नाथमाधव-दातारांची पुस्तकं वाचताना मात्र ही परीक्षा थोडी सैल सोडा, तिथली मजा लांबलचक वर्णनांत आणि प्रकरणाच्या शेवटी दार बंद होण्यात आहे, आणि भाषा पहिल्या दोन प्रकरणांत जड वाटली तरी तिसऱ्यापासून चढते, मोठ्याने वाचून बघा.

पायरी ६: सोडून द्यायला शिका, आणि मत लिहा

पन्नास पानं, तेवढी संधी प्रत्येक पुस्तकाला द्यायची. त्यानंतरही ओढ नसेल तर सोडा. पैसे दिलेत म्हणून शेवटपर्यंत रेटू नका, त्याने पुढच्या चार पुस्तकांचा मूड जातो. पण सोडताना कारण लिहा, एक ओळ पुरे: "गैरसमज फोनने मिटला असता", "खुनी पान दोनशेवर आला", "नुसतंच भयानक भयानक". आवडलेल्या पुस्तकाचंही तेच, पुस्तकाने काय शब्द दिला होता, पाळला का, आणि कुठलं एक वाक्य किंवा प्रसंग डोक्यात राहिला. तीन ओळी. वर्षभराने ती वही चाळलीत तर तुमची आवड काय आहे ते तुम्हाला स्पष्ट दिसेल. आणि कोणाला सांगताना शेवट सांगू नका, विशेषतः मतकरी आणि ख्रिस्ती, समोरच्याचा हक्क आहे तो.

पुस्तकं मिळवायची कुठून

सगळं विकत घ्यायची गरज नाही. शहरातली जुनी वाचनालयं अजून जिवंत आहेत, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर तर १८४८ चं, आणि तालुक्याच्या गावीसुद्धा एखादं असतंच. बऱ्याच ठिकाणी कपाटं बंद असतात, मग सरळ ग्रंथपालांना सांगा, "धारप काय काय आहेत?" नाव घेऊन मागितलं की ते आतून काढून देतात, आणि अशा माणसांना कोणतं पुस्तक किती वेळा गेलंय ते तोंडपाठ असतं, त्यांचा सल्ला घ्या. धारपांची पुस्तकं साकेत प्रकाशनाने नव्याने छापली आहेत, बुकगंगावर मागवता येतात. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत फाउंटनचा फुटपाथ, इथे जुन्या ढिगात नशीब लागतं. ऐकायला आवडत असेल तर स्टोरीटेलवर मराठी ऑडिओबुक्स भरपूर आहेत, भयकथा तर ऐकायला फारच छान, फक्त गाडी चालवताना नको.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफबद्दल. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, दातार १९४१ मध्ये, म्हणजे त्यांची पुस्तकं मोकळी आहेत, नेटवर मिळाली तर खुशाल उतरवून घ्या. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, धारप, शिरवळकर, मतकरी त्यानंतर, त्यांच्या पीडीएफ पुढे पाठवू नका, विकत किंवा वाचनालयातून घ्या. या प्रकारांतल्या लेखकांना पुरस्कार फारसे मिळाले नाहीत, निदान त्यांच्या घरच्यांना हक्काचे चार पैसे तरी मिळू देत. आणि ऑक्टोबरच्या सुमाराला जवळच्या वाचनालयात दिवाळी अंक योजनेची चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी एकदाच पैसे भरले की पुढचे काही महिने एकेक अंक बदलून घरी नेता येतो, नाव नोंदवताना 'धनंजय' पहिला मागा, तो लगेच बाहेर गेलेला असतो.